गेमिंगचं सबस्क्रिप्शन घ्यायच्या आधी पैसे कशाचे भरतोय ते बघा

"गेमिंगचं सबस्क्रिप्शन घेऊ का?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, कुठलं? एकाच नावाखाली तीन निरनिराळे व्यवहार चालतात. एक, महिन्याचे पैसे भरायचे आणि कॅटलॉगमधला हवा तो गेम खेळायचा. दुसरा, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टसारख्या एखाद्याच मोठ्या ऑनलाइन गेमची मासिक फी. आणि तिसरा, स्वतः विकत घेतलेला गेम, स्वतःच्या इंटरनेटवरून, स्वतःच्या मित्राबरोबर खेळता यावा म्हणून कन्सोलवाल्या (प्लेस्टेशन, एक्सबॉक्स अशी गेम खेळायची यंत्रं विकणाऱ्या) कंपनीला द्यायचे पैसे. पहिल्या दोन्हींबद्दल माझं म्हणणं, हिशेब करा आणि जमत असेल तर खुशाल घ्या. तिसरा मला साफ नामंजूर आहे.

ही पद्धत कशी रुळली ते आठवून बघा. मायक्रोसॉफ्टनं नोव्हेंबर 2002 मध्ये एक्सबॉक्सवर ऑनलाइन खेळायची सेवा, एक्सबॉक्स लाइव्ह, आणली, ती पहिल्यापासून पैसे भरूनच. त्या काळात त्यात तथ्य होतं. सगळ्या गेमसाठी एकच अकाउंट, एकच फ्रेंड लिस्ट, हेडसेट लावून बोलायची सोय, हे कन्सोलवर तोवर कुणी इतकं नीट दिलं नव्हतं. सोनीनं मात्र प्लेस्टेशन 3 वर ऑनलाइन खेळणं फुकट ठेवलं. 2010 मध्ये प्लेस्टेशन प्लस हे सबस्क्रिप्शन आलं तेही ऐच्छिक होतं, हवं त्यानं घ्यावं. 2013 मध्ये प्लेस्टेशन 4 आला आणि बहुतेक गेमचं ऑनलाइन खेळणं प्लसच्या आत गेलं. निन्टेन्डो स्विच मार्च 2017 मध्ये आला. पुढे सप्टेंबर 2018 पर्यंत लोक त्यावर ऑनलाइन फुकट खेळत होते. मग सबस्क्रिप्शन सुरू झालं. सोबत जुने गेम आणि क्लाउड सेव्ह (खेळ कुठवर आला त्याची नोंद, म्हणजे सेव्ह, कंपनीच्या सर्व्हरवर ठेवायची सोय) दिले, हे मान्य. पण ज्याला मित्राबरोबर फक्त गाड्या पळवायच्या होत्या, त्याला काल फुकट असलेल्या गोष्टीचे आज पैसे पडायला लागले.

यावर ठरलेलं उत्तर येतं, सर्व्हर चालवायला खर्च येतो. येतो ना. पण तो खर्च करतं कोण? बऱ्याच मोठ्या गेमचे सर्व्हर गेम काढणारी कंपनी चालवते, कन्सोलवाली नाही. आणि कित्येक गेममध्ये सामन्यासाठी वेगळा सर्व्हर नसतोच. सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट घ्या, खेळणाऱ्यांची मशीनं थेट एकमेकांशी जोडली जातात. तुमच्या समोरच्याचं वायफाय अडखळलं की तुमचाही सामना अडखळतो, तुम्ही कितीही पैसे भरलेले असोत. अकाउंट, फ्रेंड लिस्ट, डाउनलोड यांचा खर्च कन्सोल कंपनीकडे असतो, कबूल. पण हेच सगळं पीसीवर स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान देतं आणि ऑनलाइन खेळायचे वेगळे पैसे घेत नाही, कारण विकल्या जाणाऱ्या गेममागे त्याचा वाटा ठरलेला आहे. तसा वाटा कन्सोल कंपन्याही घेतातच!

फोर्टनाइटचं उदाहरण तर बोलकं आहे. हा गेम फुकट आहे आणि प्लेस्टेशनवर तो ऑनलाइन खेळायला प्लस लागत नाही. म्हणजे फुकटचा गेम खेळणाऱ्याला दार उघडं, आणि पूर्ण किंमत मोजून गेम घेतलेल्याला दारात परत पैसे. फोर्टनाइटवाले गेमच्या आतल्या खरेदीतून कमावतात आणि त्यातला हिस्सा कन्सोल कंपनीला जातो हे मला माहीत आहे. म्हणूनच म्हणतो, ही फी सर्व्हरच्या खर्चावर ठरत नाही, ग्राहक कुठवर सोसतो त्यावर ठरते. जानेवारी 2021 मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स लाइव्ह गोल्डची, म्हणजे ऑनलाइन खेळायला लागणाऱ्या सबस्क्रिप्शनची, दरवाढ जाहीर केली. लोक इतके भडकले की त्याच दिवशी ती मागे घ्यावी लागली, आणि फुकटच्या गेमसाठी गोल्डची अटही काढू असं सांगावं लागलं. एप्रिलमध्ये ती निघालीसुद्धा. दिवसभरात मागे घेता येते ती दरवाढ खर्चामुळे आलेली होती, हे मला कुणी पटवू शकणार नाही.

दुसऱ्या प्रकाराबद्दल माझी फारशी तक्रार नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट 2004 पासून मासिक फीवर चालतो, आणि फी जाते ती ते जग बांधणाऱ्या कंपनीकडेच. याच प्रकारातला फायनल फँटसी 14 तर 2010 मध्ये सपशेल फसला होता. स्क्वेअर एनिक्सनं तो बंद करून 2013 मध्ये नव्यानं उभा केला. रोज खेळणार असाल तर भरा, दोन महिने हात लावला नसेल तर थांबवा.

कॅटलॉगचं गणित माणसागणिक बदलतं. 2017 मध्ये मायक्रोसॉफ्टचा गेम पास आला, 2022 मध्ये प्लेस्टेशन प्लसचे कॅटलॉग देणारे वरचे टप्पे आले. ज्याला वेगवेगळं चाखून बघायला आवडतं, जो छोटे गेम झपाट्यानं संपवतो, किंवा ज्या घरात मुलांची आवड दर आठवड्याला पालटते, त्यांना हे नक्कीच परवडतं. अनोळखी छोट्या स्टुडिओचे काही सुंदर गेम मी केवळ कॅटलॉगमुळे खेळलो, एरवी त्यांच्यावर पैसे घातले नसते. पण वर्षभर एकच फुटबॉलचा गेम खेळणाऱ्यानं कॅटलॉग घेऊन करायचं काय? त्यानं तो गेम सेलमध्ये घ्यावा.

घ्यायचंच तर महिन्यापुरतं घ्या, आणि घेतल्या क्षणी ऑटो-रिन्यू, म्हणजे दर महिन्याला आपोआप पैसे कापले जाणं, बंद करा. भरलेला महिना तसाही पूर्ण मिळतो. विसरून गेलेल्या ग्राहकांकडून पैसे कापले जाणं हा प्रकार इतका सर्रास होता की ब्रिटनच्या स्पर्धा नियामकानं त्यात लक्ष घातलं. 2022 मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि सोनी या दोघांनाही आपली पद्धत बदलायचं लेखी आश्वासन द्यावं लागलं.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते सबस्क्रिप्शन संपल्यावर. माझ्या भाच्यानं सबस्क्रिप्शनसोबतचा 'या महिन्याचा फुकट गेम' म्हणून एक गेम घेतला होता. सुट्टीभर खेळून तो शेवटच्या टप्प्यापर्यंत आला होता. मुदत संपली आणि गेमच्या चित्रावर कुलूप दिसायला लागलं. सेव्ह मशीनमध्ये शाबूत, गेम मात्र उघडेना. "मामा, पैसे भरले की उघडेल ना?" उघडेल रे. त्याचसाठी तर ते कुलूप आहे. लहान मुलाला 'फुकट' म्हणून दिलेली गोष्ट फक्त पैसे भरेपर्यंतच त्याची असते, हे मोठ्या अक्षरात लिहायला काय हरकत आहे?

सेव्हच्या बाबतीत तर सगळेजण सारखेही वागत नाहीत. एक्सबॉक्सवर क्लाउड सेव्ह फुकट मिळतो. प्लेस्टेशन 5 च्या गेमचा सेव्ह मात्र पेनड्राइव्हवर कॉपी करता येत नाही. क्लाउडवर ठेवायचा तर प्लस हवं. शंभर तासांची ती मेहनत खेळणाऱ्याची आहे, कंपनीची नाही. तिची प्रत काढायला मासिक फी मागणं मला शुद्ध अडवणूक वाटते.

विकत घेतलेलं कायमचं आपलं असतं असंही नाही, हे खरं आहे. द क्रू हा गेम लोकांनी पैसे मोजून घेतला होता. युबिसॉफ्टनं 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद केले आणि तो चालेनासा झाला. तरी एक फरक राहतोच. गुगलनं स्टेडिया ही इंटरनेटवरून गेम खेळायची सेवा जानेवारी 2023 मध्ये गुंडाळली, तेव्हा त्यांच्या स्टोअरमधून विकत घेतलेल्या गेमचे आणि हार्डवेअरचे पैसे परत दिले. त्याच सेवेच्या 'प्रो' सबस्क्रिप्शनसाठी आधी भरलेले पैसे मात्र परत मिळाले नाहीत.

माझी मागणी छोटी आहे. कॅटलॉग विका, जुने गेम विका, त्यांचे खुशाल वेगवेगळे टप्पे करा. पण विकत घेतलेला गेम दोन मित्रांना ऑनलाइन खेळता यावा यासाठी, आणि आपला सेव्ह आपल्याजवळ ठेवता यावा यासाठी, पैसे मागू नका. कन्सोल घ्यायच्या विचारात असाल तर यंत्राच्या किमतीत पुढच्या पाच-सहा वर्षांची ही फी मिळवा आणि मग ती बेरीज पीसीशेजारी ठेवून बघा. दुकानात ही बेरीज कुणी करून दाखवत नाही.