ओव्हरड्राईव्ह धक्का देतोय म्हणून गिअरबॉक्स उतरवू नका

गेले काही आठवडे सातारा, कराड, सांगलीकडच्या जुन्या गाड्यांच्या मंडळींत एक मेसेज फिरतोय. मला तो पाच जणांनी पाठवला. सांगणं असं: इंग्लिश गाडीचा ओव्हरड्राईव्ह (इंजिन कमी फिरावं म्हणून स्विचनं लागणारा जास्तीचा गिअर) धक्का देऊन लागत असेल तर गिअरबॉक्स गेला, उतरवा. खर्च झेपत नसेल तर १४० नंबरचं तेल भरा, वर अ‍ॅडिटिव्हची बाटली ओता, प्रेशरच्या स्प्रिंगखाली वॉशर घाला, क्लच दाबल्याशिवाय स्विच मारू नका, सोलेनॉईडला, म्हणजे तेलाची वाट उघडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हला, थेट वायर द्या. आणि अडकलाच तर रिव्हर्स टाका, सुटतो.

माझ्याकडे वडिलांची १९७० ची एमजीबी ही इंग्लिश स्पोर्ट्स कार आहे. यातले तेल आणि वॉशर हे दोन्ही प्रकार एका गॅरेजच्या सांगण्यावरून माझ्या गाडीवर झालेत, म्हणून हे लिहितोय.

पहिलं, "गिअरबॉक्स गेला." ओव्हरड्राईव्ह हा गिअरबॉक्सच्या मागे जोडलेला वेगळा डबा. तेल दोघांचं एकच, पण काम वेगळं. शेफिल्डच्या लेकॉक कंपनीचा हा डबा एमजीबी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली, जग्वार, व्हॉल्व्हो अशा कितीतरी गाड्यांत बसला. आत मधोमध एक सन गिअर, भोवती प्लॅनेट गिअर. स्विच मारला की पंपाच्या तेलाचा दाब पिस्टन ढकलतो, पिस्टन एका शंकूच्या आकाराच्या क्लचला पुढे रेटतात, तो ब्रेक रिंगला जाऊन चिकटतो आणि सन गिअर जागीच थांबतो. मग मागचा शाफ्ट गिअरबॉक्समधून येणाऱ्या शाफ्टपेक्षा जोरात फिरायला लागतो. म्हणजे लागताना धक्का बसत असेल तर आधी तेल, दाब आणि वायर बघायची. दात नंतर. एमजीबीत तर गिअरबॉक्स एकटा निघतही नाही, इंजिनासकट बाहेर काढावा लागतो. एवढा खटाटोप करायच्या आधी गाडीखाली झोपून तासभर बघायला काय हरकत आहे?

त्या तासात आधी रबरं बघा. इंजिनाची आणि गिअरबॉक्सची माऊंटिंग फुगली-फाटली असतील, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला प्ले (ढिलेपणा) असेल, तर ओव्हरड्राईव्ह निर्दोष असूनही 'ठक्' होतं. एमजीबीच्या मागच्या डिफरन्शियलमधले थ्रस्ट वॉशर झिजतात, हे तर या गाडीचं ठरलेलं दुखणं. मागचं चाक जॅकवर उचलून हातानं मागेपुढे हलवा, ठक् कुठून येतं ते कानाला कळतं.

आता तेल. एमजीबीच्या या डब्यात बनवणाऱ्यांनी २०डब्ल्यू-५० इंजिन ऑईल सांगितलंय, ओव्हरड्राईव्हसकट जवळपास साडेतीन लिटर. काही ट्रायम्फना ९० नंबरचं गिअर ऑईल आहे, त्यामुळे आपापल्या गाडीचं पुस्तक बघा. पण १४०? थंडीत, कासकडे पहाटे निघालात तर ते काकवीसारखं होतं. पंपाला ते जाळीतून ओढवत नाही, ओव्हरड्राईव्ह उशिरा लागतो, तोवर आपण अ‍ॅक्सिलरेटर आणखी दाबलेला असतो, आणि मग जो लागतो तो पाठीत बसतो. माझ्या गाडीचं असंच झालं होतं. अ‍ॅडिटिव्हची बाटली त्याहून वाईट. त्या शंकूचं सगळं काम घर्षणावर आहे. त्याला निसरडं करणारं औषध पाजलं की तो धरायच्या ऐवजी घसरतो, आणि घसरून घसरून अस्तर जळतं.

स्प्रिंगखालचा वॉशर हा तर सरळ उलटा उपाय. माझ्या डब्याचा प्रकार एलएच. यात रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जास्तीचा दाब सोडणारी झडप, आणि तिच्यासोबत एक डॅशपॉट असतो. दार धाडकन आपटू नये म्हणून बँकेच्या दाराला वर क्लोजर लावतात ना, तसं त्याचं काम. ओव्हरड्राईव्ह लागताना दाब एकदम चढू न देता हळूहळू चौरस इंचाला चारशे पौंडांच्या आसपास न्यायचा. हा डॅशपॉट गाळानं अडकला की दाब एका क्षणात चढतो आणि धक्का बसतो. तिथं वॉशर घालून स्प्रिंग आणखी ताठ केली तर दाब वाढणार, धक्काही वाढणार.

आम्ही तो उघडला तेव्हा सातारा एमआयडीसीतल्या ओळखीच्या टर्नर काकांनी आधी दोन पिनांचा पाना बनवून दिला, कारण डॅशपॉटवरच्या प्लगला साधा पाना लागत नाही. छिन्नी-हातोडी लावू नका, अ‍ॅल्युमिनियमचं घर आहे. खालचं झाकण काढलं. जाळीवर काळा चिखल, चुंबकावर मिशीसारखी लोखंडाची लव. काकांनी ती बोटांत चोळून बघितली.

"पीठ आहे, कण नाहीत. घाबरू नका."

डॅशपॉटचा पिस्टन मात्र घरात रुतून बसला होता. रॉकेलमध्ये धुतला, तेलाचं बोट लावलं, तेव्हा तो आपल्या वजनानं हळूच खाली उतरला. वॉशर काढून टाकला, ओ-रिंग नव्या घातल्या, पुस्तकातलं तेल भरलं. खंबाटकीला पहिल्यांदा स्विच मारला तेव्हा लागल्याचं फक्त आरपीएमच्या काट्यावरून कळलं.

एक मात्र लक्षात घ्या, सगळे ओव्हरड्राईव्ह सारखे नाहीत. जुन्या ट्रायम्फ टीआर, हीली, जग्वारमधल्या ए-टाईपला अ‍ॅक्युम्युलेटर असतो. तेल आधीच दाबून साठवलेलं, त्यामुळे तो मुळातच चटकन लागतो. तो त्याचा स्वभाव आहे. आणि तो दाब न सोडता त्याचे प्लग खोलू नका.

क्लचचं म्हणाल तर हा डबा क्लच न दाबता वापरायलाच बनलाय. फक्त पाय अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवा, विशेषतः काढताना. एलएचमध्ये ओव्हरड्राईव्हला इंजिन ०.८२ पटीनं फिरतं. ३००० वर असताना पाय उचलून स्विच बंद केलात तर इंजिनाला चाकांनी ओढून ३६५० च्या पुढे न्यावं लागतं. तो झटका तुमच्या पायाचा, डब्याचा नाही. आणि घाटात तिसऱ्याला ओव्हरड्राईव्ह लावून बघा. तिसऱ्याचं प्रमाण १.३८, चौथ्याचं १. १.३८ गुणिले ०.८२, म्हणजे १.१३. तिसरा आणि चौथा यांच्या मधोमध एक जास्तीचा गिअर मिळतो.

शेवटी वायर आणि रिव्हर्स. हे दोन सल्ले एकत्र आले की गाडी खरंच संपते. गिअरबॉक्सवरचा छोटा स्विच ओव्हरड्राईव्हला फक्त वरच्या गिअरमध्ये करंट देतो. तो सैल असेल तर लागणं-सुटणं होऊन गचके बसतात, म्हणून तो तपासायचा: इंजिन बंद, इग्निशन चालू, गाडी चौथ्यात, स्विच मारल्यावर मीटर लावून सोलेनॉईडला करंट पोचतो का बघायचं. पण थेट वायर दिलीत तर रिव्हर्समध्येही ओव्हरड्राईव्ह लागलेला राहू शकतो. आत एक रोलर क्लच आहे, एकाच दिशेला धरणारा. सन गिअर अडकलेला असताना मागचा शाफ्ट उलटा फिरवला की एकीकडे प्लॅनेट गिअर ओढतात, दुसरीकडे रोलर धरतात. काहीतरी तुटतंच. हातानं मागे ढकललं तरी तेच.

माझ्या गाडीचा ओव्हरड्राईव्ह एकदा पोवई नाक्यावर असाच लागलेला अडकला. पुढे रिक्षा, मागे मोकळी जागा. सगळे म्हणत होते, "मागं घ्या की!" मी रिक्षावाल्या दादांना हात जोडून रिक्षा काढायला लावली आणि चौघांनी गाडी पुढे ढकलत कडेला घेतली. सोलेनॉईडची वायर काढली, खाली शिरून ब्रेक रिंगवर चामड्याच्या हातोडीनं चार-सहा ठोके दिले. पाचव्या ठोक्याला शंकू सुटला.