‘पालिकेचा भाजीशी काय संबंध?’

भाजी कडाडली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. थोडक्यात असा : ‘भाव पाऊस आणि बाजार समिती ठरवते. अन्न हा पालिकेचा विषयच नाही. तिने गटारं आणि कचरा बघावा, फार तर फेरीवाले हटवावेत. मंडया जुन्या झाल्या, त्या जागा पुनर्विकासाला द्याव्यात. शाळेतली खिचडी तर दिल्लीची योजना.’ यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, त्यामुळे बाकीची त्याच्या आडून खपून जातात.

‘अन्न हा पालिकेचा विषयच नाही.’

मुंबईला १८८८चा महापालिका कायदा लागू आहे, राज्यातल्या इतर महापालिकांना १९४९चा. पहिल्यातलं कलम ६१ आणि दुसऱ्यातलं कलम ६३ म्हणजे पालिकेला करावीच लागणारी कामं. सार्वजनिक मंडया आणि कत्तलखाने बांधणं, चालवणं, त्यांचं नियमन करणं हे दोन्हींत आहे. देवनारचा कत्तलखाना १९७१पासून मुंबई महापालिकाच चालवते. पुण्यात तर मंडईच्या इमारतीवर एवढा खर्च करायला नगरपालिकेचे सभासद असताना जोतिराव फुल्यांनी विरोध केला होता. इमारत १८८६ साली रे मार्केट म्हणून उभी राहिली आणि पुढे तिला त्यांचंच नाव मिळालं. मंडईवर पालिकेने किती खर्चावं हा वाद इतका जुना आहे.

पालिकेच्या हातात नसलेल्या गोष्टीही सांगून टाकू. खाद्यपदार्थांच्या सुरक्षिततेचे परवाने २०११पासून अन्न व औषध प्रशासन देतं. वजनकाट्याची तपासणी राज्याचा वैध मापन विभाग करतो.

‘भाव पाऊस आणि बाजार समिती ठरवते.’

घाऊक भाव, हो. समितीच्या यार्डाच्या, म्हणजे घाऊक बाजाराच्या, फाटकापासून तुमच्या पिशवीपर्यंतचा प्रवास मात्र शहरात होतो. समजा, टोमॅटोचं २० किलोचं क्रेट ४०० रुपयांना उचललं आणि हमाली-टेम्पोचे ४० रुपये लागले. दोन किलो माल खराब झाला तर उरलेल्या अठरा किलोंवर किलोला साडेचोवीस रुपये पडतात. पाच किलो खराब झाला तर सव्वाएकोणतीस. विक्रेत्याचा नफा अजून धरलेलाच नाही, तरी जवळजवळ पाच रुपयांचा फरक पडला. तो पावसाने पाडला नाही. डोक्यावर छप्पर नाही, शिंपडायला पाणी नाही आणि अतिक्रमणाची गाडी आली की क्रेट उचलून पळायचं, त्यात माल चेपतो. जप्तीची धास्ती असली की विक्रेता मालही कमी उचलतो. मग टेम्पोचं तेच भाडं कमी किलोंवर बसतं.

बाजार समितीचं म्हणाल तर राज्याने २०१६ साली फळं आणि भाजीपाला समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला. शेतकरी थेट शहरात विकू शकतो, पण बसणार कुठे? आठवडी बाजाराला मैदान किंवा रस्त्याचा तुकडा लागतो, आणि तो बहुतेक वेळा पालिकेचा असतो. ठरलेला वार, पाण्याचा नळ, स्वच्छतागृह, रात्री ओला कचरा उचलणारी गाडी या चार गोष्टींवर बाजार तगतो. जागा दर दोन महिन्यांनी बदलली की गिऱ्हाईक तुटतं. उरलेला माल ठेवायची सोय नसली की शेवटच्या तासाला तो मातीमोल जातो, आणि शेतकरी पुढच्या आठवड्यापासून पुन्हा यार्डाची वाट धरतो.

‘फेरीवाले हटवले की प्रश्न सुटला.’

२०१४च्या पथविक्रेता कायद्याचा क्रम असा आहे : आधी सर्वेक्षण, मग विक्री प्रमाणपत्र, मग विक्रीची क्षेत्रं ठरवणं. सर्वेक्षण आणि प्रमाणपत्रं पूर्ण होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही. पुढे हटवायचं किंवा हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस लागते. जप्ती केली तर मालाची यादी द्यावी लागते आणि नाशवंत माल मागितला त्याच दिवशी परत करावा लागतो. सर्वेक्षण करणाऱ्या नगर पथविक्रेता समितीचे अध्यक्ष पालिका आयुक्त असतात. तिच्यात किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. सामावून घ्यायच्या विक्रेत्यांची मर्यादा लोकसंख्येच्या अडीच टक्के, म्हणजे दोन लाखांच्या प्रभागात पाच हजार.

गाडं अडतं ते सर्वेक्षणात. वसईहून पहाटेच्या लोकलने भाजी आणणारी बाई दहाला माल संपवून परत जाते. मोजणारा अकराला आला तर त्याच्या लेखी ती विक्रेतीच नाही. दुसरी अडचण जागेच्या मापाची. मुंबईच्या फेरीवाल्यांसाठी १९८५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून एक मीटर बाय एक मीटर हे माप आलं. तेवढ्यात चार क्रेट मांडले की बसायला जागा उरत नाही. नेलपॉलिश विकायला ते पुरत असेल, पालेभाजीला नाही. तिसरी चूक क्षेत्रं आखताना होते. स्टेशनापासून लांब, उताराच्या टोकाला जागा दिली जाते आणि विक्रेते पुन्हा जुन्या कोपऱ्यावर दिसले की ‘यांना शिस्तच नाही’ म्हणायला मोकळे.

‘मंडया जुन्या झाल्या.’

काहींची दुरवस्था खरीच आहे. पण पुनर्विकासाचा नकाशा हातात आला तर आधी मंडई कितव्या मजल्यावर आहे ते पाहा. कोथिंबिरीच्या जुडीसाठी कुणी जिना चढत नाही, म्हणून वरच्या मजल्यावरचे गाळे बघता बघता गोदामं होतात. मग टेम्पो लावून माल उतरवायची जागा, ओल्या कचऱ्याची खोली आणि मासळीच्या ओट्यांना नळ, बर्फाची सोय, मीटरला एक-दोन सेंटिमीटर उतार देऊन गटाराकडे नेलेली फरशी शोधा. यातलं एक जरी चुकलं तरी पाणी साचतं, वास येतो, गिऱ्हाईक फिरकत नाही. पुढच्या अहवालात ‘वापर कमी’ असा शेरा येतो.

अशा सार्वजनिक जागांचं काय करता येतं ते ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंटे शहराने दाखवलं. १९९३ साली महापौर पात्रुस अनानियास यांच्या काळात तिथल्या पालिकेने अन्नपुरवठ्याचा स्वतंत्र विभाग काढला. मोक्याच्या सरकारी जागा खासगी दुकानदारांना दिल्या, अट अशी की ठरावीक भाज्या-फळं पालिकेने ठरवलेल्या भावातच विकायची.

‘खिचडी दिल्लीची.’

पैसा आणि प्रमाण वरून येतं हे खरं. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. पण पालिकेच्या शाळांत शिजवणार कोण, हे निविदेच्या अटींवर ठरतं. लाखभर मुलं धरली तर दिवसाला पाच टन भाजी आणि दोन टन डाळ होते. उलाढालीची अट कोटींत घातली की बचत गट दारातूनच परत जातात आणि ही सगळी खरेदी एका-दोन पुरवठादारांकडे जाते. मग बटाटा आणि भोपळा वर्षभर, कारण ते टिकतात. ब्राझीलने २००९च्या कायद्याने शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतला किमान ३० टक्के भाग शेतकरी कुटुंबांकडून होणाऱ्या खरेदीसाठी बांधून टाकला. ती खरेदी करतात तिथल्या पालिका आणि राज्यं.

‘गटारं बघा.’

जरूर बघावीत. पुण्याने वर्षाला साडेसहा टीएमसी (अब्ज घनफूट) सांडपाणी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीतून, शेतीच्या बेबी कालव्यात सोडायचं, असं ठरलेलं आहे. ते हवेली-दौंडकडच्या शेतांत जातं, आणि त्याच भागातून पुण्याच्या यार्डात भाजी येते. शुद्धीकरण केंद्रांवर पाणी किती शुद्ध झालं, हे त्या भाजीलाही कळतं.