गाडीच्या दारात लाटणं घालणाऱ्यांसाठी

चतुर्थीच्या आदल्या रविवारी गोव्यातल्या साखळीहून मामीचा फोन आला. "तुझ्या मामानं माझं लाटणं गाडीच्या दारात घातलंय. आता लाटणंही निघेना आणि दारही लागेना." आधी मी हसलो. तिथे जाऊन दार बघितलं तेव्हा हसू मावळलं.

मामाला कुठल्याशा ग्रुपवर 'गॅरेजवाले हे कधीच सांगणार नाहीत' असा मेसेज आला होता. त्याच आठवड्यात तो मलाही तीनदा आला. मजकूर थोडक्यात असा: पावसात दार फुगतं म्हणून लागत नाही. बिजागरीच्या फटीत लाटणं घालून दार ढकला, उतरलेलं दार वर येतं. नाही आलं तर दोन-चारदा जोरात आपटा. खांबावरचा स्ट्रायकर (दार ज्यात अडकतं तो आकडा) सैल करून बाहेर ओढा, पहिला 'टक' आला की दार लागलं. सगळीकडे खोबरेल तेल सोडा. आणि हो, दहा जणांना पाठवा.

फुगण्याचं आधी उरकतो. जूनमध्ये फुगतात ती आपल्या जुन्या घरांची लाकडी दारं, त्यांना सुतार रंधा मारतो. गाडीचा पत्रा पाणी पीत नाही. एवढं मात्र कबूल करतो की दाराच्या तळाला पाणी निघून जायला भोकं असतात. ती पाल्यामातीनं बुजली की काचेवरून उतरलेलं पाणी आतच साचतं आणि आपल्या खाऱ्या हवेत तळाची दुमड गंजते. गंज फुगतो, पत्रा नाही. हिराच्या झाडूची एक काडी त्या भोकांतून फिरवा, काम झालं.

आता लाटणं. दार बिजागरीपासून कडीपर्यंत साधारण एक मीटर लांब धरा आणि लाटणं बिजागरीपासून पाच सेंटीमीटरवर. शाळेतल्या तरफेचं गणित: टोकाला वीस किलोचा जोर लावला की लाटण्यावर चारशे किलो. तो जोर जातो कुठे? दाराच्या पुढच्या कडेवर, खांबाच्या पत्र्यावर आणि बिजागरीच्या पिनेवर. मामाच्या गाडीत पुढच्या मडगार्डजवळ दाराची दुमड अंगठ्याएवढी चेपली होती, आणि रंगाला असा तडा गेला होता की नख घातलं तर पापुद्रा हाती येत होता.

गंमत म्हणजे या युक्तीत अर्धं सत्य आहे, आणि तेच मला जास्त सतावतं. जुने टिंकरिंगवाले, म्हणजे गाडीचा पत्रा ठोकून सरळ करणारे, बिजागरीत काहीतरी अडकवून ती थोडी वाकवतात, हे खरं. पण ते खालच्या बिजागरीत. तिथे दाब दिला की दाराचा खालचा भाग मागे सरकतो आणि मागचं टोक वर येतं. मामानं हात पोचला तिथे, म्हणजे वरच्या बिजागरीत घातलं. मग वरचा भाग मागे गेला आणि आधीच उतरलेलं टोक आणखी खाली आलं. मेसेजमध्ये वर की खाली, यावर एक अक्षर नाही.

त्याआधी दार उतरलंय कशानं, ते बघायला नको? दार अर्धं उघडा, मागच्या टोकाला धरून वर उचला. खडखडलं तर बिजागरीची पिन किंवा तिच्याभोवतीची बुश झिजलीय. ती बदलावीच लागते. मामाच्या दारात खडखड नव्हती. खोदून विचारल्यावर कळलं की दोन महिन्यांपूर्वी दार उघडं ठेवून, मागे बघत रिव्हर्स घेताना ते चिऱ्याच्या गडग्याला लागलं होतं. "हलकंच लागलं रे," म्हणाला.

आपटण्यावर काय बोलायचं? आपटून लॅच (दाराच्या कडेतली, स्ट्रायकरला धरणारी पकड) बसत नाही, काच मात्र सैल होते.

सगळ्यात घातक आहे तो 'पहिला टक'. दार उघडं असताना लॅचमध्ये स्क्रूड्रायव्हर घालून दाबा, दोन टक ऐकू येतील. (नंतर हँडल ओढून लॅच मोकळं करा, नाहीतर दार लागणारच नाही. कित्येकांचं 'बिघडलेलं' दार एवढंच असतं.) पहिला टक म्हणजे अर्धी कडी, दार चुकून सुटलंच तर अडवायला ठेवलेली. गाडीच्या दारांसाठीच्या अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस २०६ या नियमात दोन्हींची चाचणी वेगवेगळी आहे: लांबीच्या दिशेनं ओढताना पूर्ण कडीनं ११,००० न्यूटन सोसायचे, अर्ध्या कडीनं ४,४५०. म्हणजे निम्म्याहूनही कमी. असं दार घेऊन अनमोड घाटाच्या वळणांवर जायचं, मागच्या सीटवर पोरं बसवून?

स्ट्रायकर हलवता येतो, नाही असं नाही. पण दाराच्या चारी बाजूंच्या फटी सारख्या असतील तरच. आधी मार्करनं त्याची कड आखून घ्या, बोल्ट जेमतेम सैल करा, एका वेळी एक मिलिमीटर सरकवा. दार जड लागत असेल तर बाहेर, वारा शिट्टी घालत असेल तर आत. आणि दार हळू लावताना स्ट्रायकरवर चढून वर उचललं जात असेल, तर स्ट्रायकरला हात लावू नका. दुखणं बिजागरीत आहे. दाराचा भार पेलणं हे स्ट्रायकरचं काम नव्हे.

खोबरेल तेल डिसेंबरच्या रात्री बाटलीत थिजतं, तसंच लॅचमध्ये थिजेल, वर धूळ धरेल. तिथे ग्रीसच हवं.

मामाचं दार टिंकरिंगवाल्यानं दोन दिवसांत जाग्यावर आणलं. दुमड सरळ करून रंग मारायला त्याहून जास्त वेळ लागला, आणि जास्त पैसेही. लाटण्याच्या मधोमध बिजागरीच्या दोन खाचा पडल्यात, त्यामुळे पोळीवर रेघा उमटतात. मामी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून नवं आणणार आहे.

मामानं तो मेसेज नेमानं दहा जणांना पाठवला होता. आठ जणांना फोन करून झालेत, दोघं उचलत नाहीत.