बाल्कनीतले दोन वकील

"वकिलाचं तोंड वेगळं आणि वकिलाचं डोकं वेगळं. तुझ्या मालिकेत नुसतं तोंड आहे," वैशाली म्हणाली आणि शनिवारचा कट्टा तिथेच तापला.

आम्ही चौघं तलावपाळीला बसतो. वैशाली बारा वर्षं ठाण्याच्या कोर्टात वकिली करते आहे, दिवाणी दावे आणि घटस्फोट. नाना त्याच कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. ओंकार लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी बँकेत. कोर्टाची पायरी मी फक्त साक्षीदार म्हणून एकदा चढलोय, पण 'बॉस्टन लीगल' ही वकिलांवरची अमेरिकन मालिका मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदा पाहिली आहे. ३ ऑक्टोबर २००४ ते ८ डिसेंबर २००८, पाच पर्वं, १०१ भाग. पहिल्या दोन पर्वांच्या डीव्हीडी मीच वैशालीला दिल्या होत्या. तिला आवडेल अशी माझी खात्री होती.

नानांनी मालिका पाहिलेली नाही, म्हणून आधी त्यांना सांगावं लागलं. बॉस्टनमधली बडी वकिली फर्म, 'क्रेन, पूल अँड श्मिट'. तिचा एक मालक डेनी क्रेन. एके काळचा दिग्गज, आता स्मरणशक्ती हातातून सुटत चालली आहे. तो कुठेही, अगदी न्यायाधीशासमोरसुद्धा, स्वतःचंच नाव मोठ्याने घेतो. विसरायला लागलो हे त्याला कळतं, म्हणून सगळ्यांना सांगतो की आपल्याला गाईंचा तो मेंदूचा रोग झालाय. दुसरा अॅलन शोर. जिभेवर सरस्वती, वागण्यात खोडसाळ, नियम वाकवायला एका पायावर तयार, आणि रात्री झोपेत भीतीने ओरडत उठणारा. डेनी झालाय विल्यम शॅटनर आणि अॅलन जेम्स स्पेडर. जवळजवळ प्रत्येक भागाच्या शेवटी हे दोघं ऑफिसच्या बाल्कनीत सिगार आणि व्हिस्की घेऊन बसतात आणि बोलतात.

"एवढंच?" नाना.

"एवढंच नाही. त्या बाल्कनीसाठी मी मालिका पाहतो."

"बाल्कनीचं नंतर बघू," वैशाली म्हणाली. "आधी कोर्टाचं बोल. अॅलन उभा राहतो, पाच मिनिटं भाषण करतो, सरकार, कंपन्या, युद्ध सगळ्यांचे वाभाडे काढतो, ज्युरी विरघळते. त्याच्या हातातला कागद कोणी तयार केला? आदल्या रात्री अकरा वाजेपर्यंत निवाडे कोणी शोधले? पक्षकाराकडून कागदपत्रं मिळवताना कोण रडकुंडीला आलं? हे काही नाहीच. ज्युनिअर आहेत, पण त्या फक्त त्याच्या शेजारी बसतात आणि त्याच्याकडे बघतात."

मी म्हणालो, मालिका लिहिणारा डेव्हिड ई. केली स्वतः वकील होता. बॉस्टन युनिव्हर्सिटीतून कायदा शिकला, बॉस्टनमध्येच वकिली केली आणि मग 'एल. ए. लॉ' या मालिकेसाठी लिहायला लागला. त्याला फाइल म्हणजे काय ते माहीत नसेल असं नाही.

"मग तर जास्त वाईट. माहीत असून गाळलं."

इथे नाना मध्ये पडले. नाना फार कमी बोलतात, पण बोलले की कट्टा गप्प होतो. "अगं, तिथे ज्युरी असते ना? मग भाषण होणारच. समोर बारा साधी माणसं बसलेली. त्यांना कलम सांगून काय करायचं? त्यांना माणूस दाखवावा लागतो. आपल्याकडे ज्युरी होती तेव्हा आपलेही वकील तसंच बोलायचे." आणि मग नानांनी नानावटी खटला काढला. १९५९, मुंबईचं सेशन्स कोर्ट. बायकोच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेल्या नौदलाच्या कमांडर नानावटींना ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे नानावटी दोषी ठरले आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. "माझी नोकरी लागायच्या कितीतरी आधीची गोष्ट. पण जुने कारकून सांगायचे, ज्युरीसमोर बोलणारा वकील आणि जज्जासमोर बोलणारा वकील, दोघांची जातच वेगळी. एकाचं लक्ष चेहऱ्यांकडे, दुसऱ्याचं पानांकडे."

हे मला मोलाचं वाटलं. आपण अमेरिकन मालिकेतला वकील बघतो आणि म्हणतो, किती नाटकी. पण तो ज्या खोलीत उभा आहे ती खोलीच वेगळी आहे. आपल्या कोर्टात अॅलन शोर असा उभा राहिला तर न्यायाधीश दुसऱ्या मिनिटाला विचारतील, "तुमचा मुद्दा काय आहे, वकीलसाहेब?"

"बरं, ज्युरीसमोर माफ," वैशाली म्हणाली. "पण तो सर्वोच्च न्यायालयातही असंच करतो म्हणे?"

करतो. चौथ्या पर्वात अॅलन वॉशिंग्टनला जातो. लुइझियानातला एक कृष्णवर्णीय, मंदबुद्धी माणूस, लहान मुलीवर बलात्काराचा आरोप सिद्ध झालेला, फाशीची शिक्षा. खून झालेला नसताना फाशी देता येते का, हा प्रश्न. आणि अॅलन न्यायमूर्तींनाच सुनावतो की तुम्ही कंपन्यांच्या बाजूचे झाला आहात. मी तो भाग पहिल्यांदा पाहिला तेव्हा अंगावर काटा आला होता. आजही येतो.

ओंकार इतका वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. मला वाटलं, कंटाळला. पण तो वाचत होता. "दादा, हा खटला खरा आहे. केनेडी विरुद्ध लुइझियाना. आम्हाला फाशीच्या शिक्षेवरच्या असाइनमेंटला होता. खरी सुनावणी १६ एप्रिल २००८ ला झाली. तुमचा भाग कधीचा?"

२२ एप्रिल २००८. सहा दिवसांनंतरचा.

"म्हणजे खरा निकाल यायच्या आधी. निकाल जूनमध्ये आला, पाच विरुद्ध चार. फाशी रद्द. पण ताई, ऐका ना, कशावर रद्द झाली? कोर्टाने राज्यं मोजली. अशा गुन्ह्याला फाशी किती राज्यांत आहे? फक्त सहा. म्हणजे देशाचं मत याच्या विरुद्ध आहे, असा तर्क. आणि मग निकालानंतर लक्षात आलं की अमेरिकन लष्करी कायद्यात २००६ मध्ये या गुन्ह्याला फाशीची तरतूद झाली होती. दोन्ही बाजूंच्या एकाही कागदात तिचा उल्लेख नव्हता. कोणाच्याच नजरेला आली नव्हती. लष्करी कायद्यावर ब्लॉग लिहिणाऱ्या एका वकिलाने ते दाखवलं. फेरसुनावणीचा अर्ज झाला, कोर्टाने तो ऑक्टोबरमध्ये फेटाळला."

वैशाली कट्ट्यावरून उठून उभीच राहिली. "बघ! बघ! हेच म्हणत होते मी. खरा खटला कशावर फिरला? मोजणीवर. आणि खऱ्या वकिलांची चूक कुठे झाली? शोधण्यात. देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टात, एका माणसाच्या जिवाचा प्रश्न, आणि एक तरतूद सगळ्यांच्या हातून निसटली. यात केवढं नाट्य आहे! आणि तुझा लेखक काय दाखवतो? वकील न्यायमूर्तींना झापतो."

मला उत्तर सुचलं नाही. खरंच सुचलं नाही. त्या भागातल्या भाषणावर माझा जीव आहे, आणि तरीही त्या क्षणी वाटलं की मालिकेने वकिलाचा सन्मान करता करता वकिलीचाच सगळ्यात थोर भाग बाहेर ठेवला. एकटा बसून, पान उलटत, कोणी बघत नसताना केलेलं काम.

पण वैशालीचा खरा राग वेगळाच होता, आणि तो थोडा उशिरा बाहेर आला. चहावाला येऊन गेला, नानांनी बिनसाखरेचा मागितला, मग ती बोलली.

"शर्ली श्मिट मला सगळ्यात चांगली वकील वाटली. दहा भाग झाल्यावर येते. फर्मच्या पाटीवर नाव असलेली मालकीण. कुठला पक्षकार धोक्याचा आहे, कुठे मिटवायचं, कुठे लढायचं, कोणाला कधी आवरायचं, हे सगळं तिला कळतं. डोकं म्हणते ना मी, ते तिच्याकडे आहे. आणि मालिका तिला काय काम देते? या दोघांनी केलेला पसारा आवरायचं."

कँडिस बर्गनने ती भूमिका फार सुंदर केली आहे, हे मी सांगितलं.

"केली आहेच. म्हणून तर राग येतो. तो डेनी तिची माणसाएवढी बाहुली बनवून ठेवतो, आणि ते विनोद म्हणून चालतं. ही फर्म दुसऱ्यांसाठी कामाच्या ठिकाणचा भेदभाव, छळ, सगळ्यावर लढते. अमेरिकेत नोकरीत लिंगभेदाला बंदी करणारा कायदा १९६४ चा आहे. आपल्याकडे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावरचा विशाखा निकाल १९९७ चा, कायदा २०१३ चा. तुझ्या डेनीला १९६४ चा कायदा पाठ असणार. कोर्टात तो वापरेल. ऑफिसच्या दारातून आत आला की तो कायदा बाहेर चपलांशेजारी ठेवतो."

नाना म्हणाले, "पण ती बाई हसून सोडते ना?"

"नाना, वकिलांच्या बार रूममध्ये मीही पुष्कळ गोष्टी हसून सोडल्यात. म्हणजे त्या विनोदी होत्या असं नाही."

कोणी काही बोललं नाही. मी वैशालीला कॉलेजपासून ओळखतो आणि हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

मग मीच पुढचं बोललो, कारण ते मला तिसऱ्यांदा पाहताना जाणवलं होतं आणि कोणाजवळ बोललो नव्हतो. या मालिकेत बायका वकील टिकत नाहीत. लोरी कोल्सन, सॅली हीप, तारा विल्सन पहिल्या पर्वात होत्या. दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत गेल्या. चेलिना हॉल ही कृष्णवर्णीय वकील, केरी वॉशिंग्टनने केलेली, मोजके भाग. डेनिस बावर भागीदारीसाठी जिवाचं रान करते, मग लग्न, बाळंतपण आणि गायब. क्लेअर सिम्स एक पर्व. निरोपही धड नाही. पुढच्या वेळी टीव्ही लावला की खुर्ची रिकामी आणि तिथे नवा चेहरा. पुरुषही बदलतात, पण बाल्कनीतल्या दोन खुर्च्या हलत नाहीत. विवेक, पश्चात्ताप, एकटेपणा, मरणाची भीती हे सगळं त्या दोन खुर्च्यांना. बाकीच्यांनी फाइली न्यायच्या.

"तरी तुला आवडते," वैशाली म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

आवडते. का ते मी सांगितलं. पहिल्या पर्वात अॅलन आणि चेलिना टेक्ससला जातात. मॅसॅच्युसेट्समध्ये फाशी नाही, टेक्ससमध्ये आहे आणि सर्रास होते. फाशीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाची बाजू मांडायची असते. अॅलन बोलतो, जीव तोडून बोलतो, आणि हरतो. ज्या माणसाला वाचवायचं त्याला फाशी होते. त्या भागात कुठलीही क्लृप्ती चालत नाही, कोणी विरघळत नाही. वकील हरल्यावर कसा दिसतो हे मी त्याआधी पडद्यावर पाहिलं नव्हतं. आपल्या सिनेमात वकील हरला तर तो खलनायकाचा असतो.

आणि शेवटचा भाग. डेनीचं विसरणं आता थट्टेच्या पलीकडे गेलेलं. त्याला बाजारात न आलेलं औषध मिळावं म्हणून अॅलन पुन्हा सर्वोच्च न्यायालयात उभा. मालिका सुरू झाली त्याच वर्षी, मे २००४ पासून, मॅसॅच्युसेट्समध्ये समलिंगी विवाह कायदेशीर झाले होते. डेनी अॅलनला म्हणतो, आपण लग्न करू. दोघांनाही पुरुषांचं आकर्षण नाही. पण नवरा झालास तर माझ्या औषधपाण्याचे निर्णय तू घेऊ शकशील, माझी मालमत्ता तुला मिळेल. दोन वकील आपल्या मैत्रीला कायद्यात जागा शोधतात, आणि सापडलेली जागा वापरतात. पाच वर्षांत त्या मालिकेने कायद्याबद्दल एवढं मोठं दुसरं काही सांगितलं नाही, असं मला वाटतं. भाषणं सगळी बाजूला ठेवली तरी चालतील.

वैशाली बराच वेळ तळ्याकडे बघत होती. रंगायतनकडून लोक बाहेर पडायला लागले होते, नाटक सुटलं असावं.

"बाल्कनीचं मी मान्य करते," ती म्हणाली. "गेल्या वर्षी एक ताब्याची केस हरले. मुलाचा ताबा. आईच्या बाजूने होते मी. निकाल ऐकला, बाईला समजावलं, रिक्षात बसवलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की मला कुठे जायचंच नाहीये. घरी सांगता येत नाही. बार रूममध्ये सांगितलं तर जो तो सांगणार, तू अमुक अर्ज करायला हवा होतास. पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून राहिले, अर्धा तास. त्या दोघांसारखी एक खुर्ची मिळाली असती तर बरं झालं असतं. सिगार नको."

ओंकारने विचारलं, "ताई, अपील केलं?"

"केलंय. चालू आहे."

नाना कप खाली ठेवत म्हणाले, "आमच्या शाखेत यायचे एक वकील. आता नाहीत ते. हरले की यायचे, कारण काढून. खटल्याचा रोजनामा, म्हणजे तारखांची नोंद, बघायचाय म्हणायचे. बघायचे नाहीत. समोरच्या बाकावर बसायचे, कधी तासभर."

"मग तुम्ही काय म्हणायचात?"

"मी काय म्हणणार? चहा सांगायचो. आणि रोजनामा काढून त्यांच्यासमोर उघडून ठेवायचो, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, कामाला बसलेत."