मालकाचं उत्तर: पत्र्यावरचा डाग आमचा, पण जुनं ब्रेक ऑइल परत घालणार नाही

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की पुढचे ब्रेक पॅड बदलायला गाडी दिली, तर आम्ही डबीतलं काठोकाठ भरलेलं ब्रेक ऑइल काढलं, वर नव्या बाटलीचे पैसे लावले आणि बॉनेटखालचा रंगही घालवला.

आधी रंगाचं बोलतो, कारण ती चूक आमचीच आहे. पॅड झिजतात तसा कॅलिपरचा (पॅड चकतीवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन बाहेर सरकतो आणि डबीतली पातळी उतरते. ही गळती नसते. पण तुमच्या गाडीत कुणीतरी ती पाहून मॅक्सच्या रेघेपर्यंत ऑइल भरलं होतं, आणि पॅड उरले होते जेमतेम २ मिलिमीटर. नवे जाड पॅड बसवायला पिस्टन आत दाबला की तेवढं ऑइल उलटं डबीत येणारच. म्हणून दाबायच्या आधी सिरिंजने थोडं काढून घ्यायचं असतं. आमच्या पोरानं ते उशिरा केलं. ऑइल झाकणाखालून ओघळून पत्र्यावर आलं, त्यानं फडक्यानं पुसलं. या ऑइलला नुसतं पुसून चालत नाही, लगेच भरपूर पाणी ओतावं लागतं, नाहीतर रंग फुगतो. तुमच्या फोटोत रुपयाएवढा पोपडा स्पष्ट दिसतोय. तो भाग रंगवून देतो, तुमचा एक पैसा लागणार नाही.

जुनं ऑइल परत घालायला मात्र मी तयार नव्हतो आणि नाही. सिरिंजमध्ये ते कोऱ्या चहासारखं काळपट दिसत होतं. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) नवं असताना २३० अंशांच्या खाली उकळत नाही; ओलावा मुरला की तीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. मे महिन्यात भरल्या गाडीनं तुळजापूरचा घाट उतरताना ऑइल उकळलं तर पेडल सरळ तळाला जातं, ब्रेक लागत नाही. म्हणून चारही चाकांतून जुनं काढून नवं घातलं, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली.

पण त्याआधी तुम्हाला फोन करायला हवा होता, तो केला नाही. म्हणून बाटलीचे पैसे परत देतोय.

शनिवारी सकाळी गाडी घेऊन या. तोवर डबीत कुणालाही काही भरू देऊ नका. पॅड नवे आहेत, त्यामुळे पातळी इतक्यात उतरायला नको. उतरलेली दिसली तर गाडी जागेवरच ठेवा आणि मला फोन करा, मी माणूस पाठवतो.