प्राइम टाइम म्हणे!

मराठी सिनेमा लागला की ॲप उघडायचं आणि शो शोधत बसायचं. अख्ख्या पुण्यात एक सकाळी सव्वादहाला हिंजवडीत, दुसरा भरदुपारी खराडीत. अरे, मी कोथरूडला राहतो, नोकरी करतो! २०१५ साली सरकारने मल्टिप्लेक्सना मराठीला प्राइम टाइम द्यायला लावला, तर तो ठरला दुपारी १२ ते रात्री ९. बाराला डबा सोडून थिएटरात कोण जातं? मग पुढच्या शुक्रवारी सिनेमा उतरवायचा, वर आपल्यालाच ऐकवायचं, ‘मराठी प्रेक्षक येतच नाहीत हो.’

बरं, रजा टाकून गेलो, तर शेजारचे काका फोन स्पीकरवर टाकून पॉपकॉर्न मागवतायत. ‘चीज नको गं, साधं आण. आणि खारं आहे का बघ!’