वादळ राहिलं बाजूला!

अमेरिकेतल्या ओक्लाहोमात टॉर्नेडोचा इशारा निघाला रे निघाला, की रस्त्यावर वादळामागे धावणाऱ्या यूट्यूबरांच्या गाड्यांची जत्रा! कॅमेरा वादळाकडे कमी, स्वतःच्या थोबाडाकडे जास्त. मागे कुणाचं तरी घर उडतंय आणि हे ‘सबस्क्राइब करा’ म्हणून किंचाळतायत. अरे, ३१ मे २०१३ ला तिथल्याच एल रीनोत टॉर्नेडोनं टिम समारस यांचा जीव घेतला. सोबत मुलाचा आणि सहकाऱ्याचाही. वादळाची मोजमापं घेण्यात मुरलेला माणूस तो! चार किलोमीटरहून रुंद टॉर्नेडो, त्यात अचानक वळला. तिथे तुमची भाड्याची गाडी काय टिकणार? तुमचा जीव तुमचा, पण रुग्णवाहिकेची वाट तरी सोडा! आणि ढिगाऱ्याखालून कुणी हाक मारली, तर लाइव्ह बंद करून हात द्या. व्ह्यूज बुडतील? बुडू देत!